तोंडी एक, कागदावर एक

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील, तर आधी एवढं एक वाक्य वाच आणि मग काय ते कर. त्या माणसाचं चित्र काढायचं काम मी घेतलंय.

हो, त्याचंच. टेकडीवाल्या साहेबांचं. लष्करी विद्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये सेनापतींची रांग आहे ना भिंतीवर, सोनेरी चौकटीतली, तिच्यात शेवटची जागा रिकामी आहे. बाकीचे सगळे केव्हाच गेले. हे एकटे पंचाहत्तर वर्षांचे होऊन अजून खणखणीत आहेत. पुरुषभर उंचीचं तैलचित्र, पूर्ण गणवेश, छातीवर झाडून सगळी पदकं आणि मागे ती टेकडी. मार्चअखेर हवंय. विचारायला माणूस आला तेव्हा मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

लाज वाटली नाही का, असं तू विचारशील. वाटली. पण गेले सात महिने मी लोकांच्या मेलेल्या आजोबांचे पासपोर्टएवढे फोटो मोठे करून रंगवतेय. कोणाला आजोबांचा चष्मा काढून हवा असतो, कोणाला डोक्यावर केस घालून. त्याचा वीट आलाय. आणि दुसरं खरं कारण, मला हा माणूस एकदा जवळून बघायचा होता. माझं आडनाव सासरचं, त्यामुळे मी कोणाची बहीण ते त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलंही नाही.

आपण दोघं यावर कधी धड बोललोच नाही, म्हणून मला जे माहीत आहे ते लिहिते. चुकत असेल तर खोडून परत पाठव. चौदा वर्षांपूर्वी तू टेकडीवरच्या ठाण्यात वायरलेसवर होतास. सकाळी यंत्रावर खुद्द साहेबांचा आवाज आला, ठाणं सोडून खाली या. तू ते तुमच्या कप्तानाला सांगितलंस, तुम्ही उतरलात, उतरताना कप्तान गेला. सोडलेल्या टेकडीवरून शत्रूनं शेजारच्या ठाण्यावर गोळ्या झाडल्या आणि तिथली अकरा माणसं मेली. मग साहेबांच्या कार्यालयातून चौकशीत एक लेखी हुकूम आला, टेकडी शेवटच्या माणसापर्यंत सोडायची नाही. यंत्रावरचा आवाज ऐकणारा तू एकटा उरला होतास, म्हणजे तू भेदरून तो मनानं रचलास. तुला काढलं. आपल्या दारावर कोणीतरी डांबरानं ‘पळपुटा’ लिहिलं. बाबा ते घासत बसले होते दोन दिवस, आणि तू आलास तेव्हा त्यांनी तुला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. मी त्यांच्या मागे उभी होते.

तुझ्या बायकोचं कार्ड पोचलं. फेरचौकशी समितीनं तुझा अर्ज शेवटी घेतला, एप्रिलच्या आठ तारखेला सुनावणी, यानंतर दार बंद, हे तिनं लिहिलंय. साक्षीदार नाही, कागद नाही. त्या वेळचं तुझं एखादं पत्र घरी सापडतं का, असं तिनं विचारलंय. तिला सांग, बाबांची ट्रंक पालथी घातली. काही नाही.

ताई

११ फेब्रुवारी

धाकट्या,

पहिली बैठक झाली. घरी येऊन आधी आंघोळ केली आणि मग लिहायला बसलेय, यावरून काय ते समज.

त्यांच्या बंगल्यातच जाते मी. दिवाणखान्यात जिकडे बघावं तिकडे हेच. घोड्यावर हे, रणगाड्यावर हे, कोणाच्या तरी लहान मुलीच्या गालाला हात लावताना हे. सगळ्या खोलीला पितळ घासायच्या पॉलिशचा वास. मला उत्तरेकडची खिडकी हवी होती, तर तिच्यासमोर पदकांचं कपाट. ते सरकवायला चार माणसं लागली आणि मागे मेलेली पाल निघाली. पार वाळलेली. साहेब म्हणाले, ‘शहीद झाली बिचारी,’ आणि स्वतःच हसले.

मिशीला कलप लावतात. खोली जरा तापली की तो वितळून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येतो, मग ते जिभेनं टिपतात. अरे, जिभेनं! खालची कवळी टोचते म्हणून मध्येच काढतात आणि बशीत ठेवतात. त्याच बशीत माझ्यासाठी बिस्किटं होती. ‘घ्या ना बाई, संकोच करू नका.’ मी म्हटलं, मला उपास आहे.

आणि गणवेश! टेकडीच्या वेळचाच हवा असा हट्ट. पण पोट मावतंय कुठं त्यात? मग पाठीमागून तो मधोमध फाडलाय आणि नाड्या लावल्यात, इस्पितळात ऑपरेशनच्या पेशंटला घालतात तसा. समोरून बघावं तर सेनापती, मागून बघावं तर गंजिफ्रॉक. नाड्या बांधायला त्यांचा जुना कारकून असतो. तीस वर्षं यांच्यामागे फायली धरून हिंडला, आता निवृत्त झालाय तरी रोज येतो. बारका, वाकलेला, बोलायच्या आधी खोकणारा. साहेबांना एखादा शब्द आठवला नाही की तो हळूच पुरवतो.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. समोरच्याला बोलता ठेवायचं. गप्प बसला की माणसाचा चेहरा दहा मिनिटांत उतरतो, मग तुम्ही काढता ते चित्र झोपलेल्याचं होतं. म्हणून त्याला त्याच्या सगळ्यात आवडीची गोष्ट विचारायची आणि तो रंगात आला की आपण रंग कालवायचे. मी विचारलं, साहेब, टेकडीची गोष्ट सांगा ना.

पाऊण तास सांगितली. दुर्बीण कशी धुक्यानं भरली होती, आठवडाभरानं टेकडी परत कशी घेतली, झेंडा लावताना वारा कसा नेमका सुटला. तू त्यात नव्हतास. तुमचा कप्तानही नव्हता. अकरा माणसं ‘किरकोळ हानी’ या दोन शब्दांत उरकली. मी मान डोलवत होते आणि त्यांच्या कपाळाचा रंग लावत होते. कपाळ चांगलं आहे मेल्याचं.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या बायकोचं दुसरं कार्ड आलं. ‘ते तुमची पत्रं वाचत नाहीत, पण फेकतही नाहीत, दुकानात पंपांच्या मोटारी गुंडाळायच्या तारेच्या रिळांखाली ठेवतात,’ असं लिहिलंय. मोठी हुशार आहे हो तुझी बायको. म्हणजे ती वाचते आणि तुझ्या कानावर घालते. चालेल मला.

दुसऱ्या बैठकीत तीच गोष्ट पुन्हा ऐकली. शब्द न् शब्द तोच, धुकं तेच, वारा त्याच जागी सुटला आणि हसू त्याच जागी आलं. मधे एकदा साहेब अडखळले तर कारकुनानं ‘झेंडा’ म्हणून पुढचा शब्द दिला. मला मळमळायला लागलं. ते काय फक्त टर्पेंटाइननं होतं का? चेहरा मात्र जमत चाललाय.

ताई

२६ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र रिळांखाली ठेवू नकोस. तुझ्या हातानं उघड आणि वाच.

आज तिसरी बैठक होती. साहेबांना सकाळी कसलीशी गोळी दिली होती, त्यांचे डोळे मिटायला लागले. डोळेच रंगवायचे होते आज, त्यामुळे मी घाईला आले. ती टेकडीची टकळी पुन्हा सुरू करून उपयोग नव्हता, ती ते झोपेतही म्हणतात. म्हणून म्हटलं, जे त्यांनी कधी सांगितलं नाही ते विचारू. मी विचारलं, ‘साहेब, तो वायरलेसवाला मुलगा होता म्हणे एक. त्यानं खोटाच हुकूम सांगितला, असं ऐकलंय.’

डोळे टक्क उघडले. ‘खोटा? खोटा कशाला? मीच तर सांगितलं होतं त्याला.’

माझ्या हातात ब्रश होता. कारकून खोकला. म्हणाला, ‘साहेब, पाणी देऊ का?’

‘पाणी नको. बाईंना कळू दे की जरा, चित्र काढतायत माझं.’ आणि अंगठ्यानं छातीवरचा खिसा ठोकला. ‘हे बघा बाई. लढाईत निकाल काय लागेल ते कोणाला ठाऊक असतं? मला नाही, समोरच्यालाही नाही. म्हणून मी कायम दोन हुकूम द्यायचो. तोंडी एक, कागदावर एक. तोंडी सांगितलं खाली या, कागदावर लिहून खिशात ठेवलं, सोडायची नाही. पोरं खाली आली आणि जिवंत राहिली, तर मी त्यांना वाचवलं. टेकडी गेली म्हणून बोंब झाली, तर हा घ्या कागद. निकाल लागला की नको असेल तो हुकूम विसरायचा. तीस वर्षं केलं मी हे. काय हो, खरं ना?’

कारकून म्हणाला, ‘कागद मीच टाइप करायचो.’ मान खाली घालून म्हणाला, पण म्हणाला.

मी म्हटलं, ‘मग तो मुलगा?’

‘त्याचं काय?’

‘त्याला काढलं ना नोकरीतून. पळपुटा ठरवलं.’

‘हां, ते असेल. चौकशीवाल्यांनी कागद मागितला, कार्यालयातून कागद गेला. मला कोण बोलावतंय! बोलवायची छाती पाहिजे.’ मग जरा विचार केल्यासारखं करून म्हणाले, ‘तुम्ही नाही का आधी कोळशानं दोन-चार रेघा मारून ठेवत आणि मग नको त्या पुसत? तसंच आहे हे. याला दूरदृष्टी म्हणतात बाई. मी विद्यालयात शिकवलंय हे पोरांना.’

‘आणि ती अकरा माणसं?’

‘ते वाईटच झालं,’ म्हणाले, आणि कवळी बसवून बिस्किट खाल्लं.

धाकट्या, मला वाटत होतं हा माणूस काहीतरी दडवतोय, मनात कुढतोय, रात्री दचकून उठतोय. कसलं काय! ढेकर दिली त्यानं. दडवायला आधी लाज लागते ना? मला आजवर खूप माणसांचा राग आला असेल, पण शिसारी म्हणतात ती आज आली. गोमेवर पाय पडला की कशी पायापासून डोक्यापर्यंत येते, तशी.

आणि आता तुला एक सांगते, ते सांगताना माझीही मला किळस येतेय. हे सगळं बोलताना त्याचे डोळे असे काही चमकत होते, गालावर असा काही रंग आला होता, की मी ब्रश खाली ठेवला नाही. थांबलेच नाही मी. आज काढलेले डोळे म्हणजे माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे.

तू खरं बोलत होतास. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. मी येते साक्षीला.

ताई

२ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोनं लगेच कळवलं, वकिलाशी बोलली ती. वकील म्हणतो, कारकून काही साहेबांविरुद्ध साक्ष द्यायचा नाही आणि एकट्या बहिणीच्या ऐकीव गोष्टीवर समिती काय विश्वास ठेवणार, त्यातून बहीण त्यांचंच चित्र काढून पोट भरणारी. साहेबांनाही बोलवा म्हणून अर्ज करतोय, पण ते येतील याचा भरवसा नाही. बहिणीला आणखी काही ठाऊक असेल तर ते आत्ताच कळवा, नंतर समितीसमोर ऐनवेळी काही निघालं तर केस बुडेल, असं त्यानं बजावलंय.

आणखी काय ठाऊक असणार मला?

चित्राची छाती आणि पदकं रंगवतेय सध्या. सव्वीस पदकं आहेत. प्रत्येकाची फीत वेगळी, रेघा मोजून काढाव्या लागतात. कारकून एकेक पदक हातात देऊन कशाबद्दलचं ते सांगतो. टेकडीचं पदक सगळ्यात मोठं. ते मी शेवटाला ठेवलंय.

त्याला मी एकदा साहेब आत गेल्यावर विचारलं, तुम्ही कधी बोलला का नाहीत? तर म्हणतो, ‘बाई, घरी चार तोंडं होती खाणारी.’ मी चांगली फटकारणार होते त्याला. जिभेवर आलेलं गिळलं.

ताई

१४ मार्च

धाकट्या,

बारा दिवस लिहिलं नाही. पाच वेळा लिहून फाडलं. आता जे होईल ते होवो.

तुझं पत्र आलं होतं.

टेकडीवरून खाली आल्यावर दुसऱ्या दिवशी तू मला लिहिलं होतंस, ते. चौकशीत तू सांगितलंस की माझ्या बहिणीला मी सगळं लिहिलंय, तिला विचारा, तेच. टपालात गहाळ झालं असं तुला वाटतं आणि मी तुला तसंच कळवलं होतं. गहाळ झालं नव्हतं. नेहमीच्या पोस्टमननं माझ्या हातात दिलं होतं.

चार पानं होती. पहिल्या पानावर बूट भिजल्याचं आणि बोटांना फोड आल्याचं. मग, ‘काल साहेबांनी स्वतः यंत्रावर सांगितलं, पोरांनो, ठाणं सोडा, खाली या. कप्तानसाहेबांना मी दोनदा वाचून दाखवलं. ते वाटेत गेले. आईला सांगू नकोस.’ वर तारीख आणि वेळ, पाकिटावर लष्करी टपालाचा शिक्का. तोवर तुझ्याकडे कोणी बोटही दाखवलं नव्हतं. खोटं रचायला तुला कारणच नव्हतं, हे त्या शिक्क्यावरून शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

नवव्या दिवशी चौकशीची दोन माणसं घरी आली. एक स्टुलावर बसला, दुसरा दारात उभा राहिला. सभ्य होते अगदी. स्टुलावरच्यानं विचारलं, ‘भावाचं काही पत्र आलं का, या आठवड्यात?’ पत्र पिठाच्या डब्याखाली होतं, त्याच्यापासून चार हातांवर. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना पत्राचं ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर काही ढकलता येत नाही मला. मी म्हटलं, नाही. त्यानं पुन्हा विचारलं, ‘नक्की? नीट आठवून सांगा, त्याच्यासाठी महत्त्वाचं आहे.’ मी म्हटलं, नाही आलं. त्यानं लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

ते गेल्यावर पाणी तापवायच्या बंबात घातलं मी ते. चारही पानं आणि पाकीट.

का? अधिकाऱ्यांच्या मुलांच्या शाळेत मी चित्रकलेची शिक्षिका होते, त्या महिन्यात कायम व्हायचे होते. साहेबांच्या विरुद्ध कागद काढून देणारी बाई त्या शाळेत एक दिवस तरी राहिली असती का? हे कारण. याच्याहून मोठं काही नाही. भीती होती, गोंधळ होता असं काहीबाही मी इतकी वर्षं मला सांगत आले, पण आज लिहायला बसले तर एवढंच उरलं. शाळेत कायम झाले. चार वर्षांनी शाळाच बंद पडली.

तू खोटं बोललास असं मला कधी वाटलंच नाही रे. एक दिवससुद्धा नाही. बाबांना म्हणत होते, कोण जाणे काय खरं. तुला लिहीत होते, माझा तुझ्यावर विश्वास आहे. ट्रंक खरंच पालथी घातली मी, तुझ्या बायकोला लिहिताना निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून.

सव्वीस तारखेचं माझं पत्र पुन्हा वाचलं नाहीस तर बरं. त्या माणसाला काय काय म्हणालेय मी त्यात!

समितीपुढे हे सगळं सांगणार आहे. तिथं चारचौघांत तुझ्या कानावर पडण्याआधी माझ्याकडून पडावं, म्हणून लिहिलं. मला बोलवायचं की नाही ते तू ठरव. नको म्हणालास तरी समजेन.

ताई

३० मार्च

धाकट्या,

‘वाचलं. त्यांनी स्वतः वाचलं. दोन दिवस दुकान उघडलं नाही. आठ तारखेला या म्हणतात,’ एवढंच कार्ड आलं तुझ्या घरून. येते.

चित्र काल लावलं. चौघांनी उचलून नेलं. साहेब खालून बघत राहिले, मग म्हणाले, ‘बाई, तुम्ही मला जिंकलंत.’ प्राचार्य म्हणाले, सगळ्या रांगेत हेच एक बोलेल असं वाटतं. खरं आहे ते. वाईट झालं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं. मनात एवढी घाण साठलेली आणि हातानं तिचा एक डागही चित्रावर पडू दिला नाही. असा कसला माझा हात!

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

काल तू तिथंच होतास, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. तरी लिहितेय, कारण बाहेरच्या व्हरांड्यात दोन मिनिटं तू सापडलास आणि त्यातही मी नको तेच बोलले.

चौदा वर्षांनी बघितलं तुला. कानाजवळचे केस पांढरे झालेत. बोटांना तारेचे चरे. तुझ्या बायकोनं मला बसायला जागा केली, तू समोर भिंतीकडे बघत होतास.

मी आधी उभी राहिले. साहेब काय म्हणाले ते सांगितलं, मग पत्राचं सांगितलं. अध्यक्षांनी माझी जुनी सही माझ्यापुढे धरली. ‘बाई, तेव्हा तुम्ही आलं नाही म्हणता, आता आलं म्हणता. आम्ही कोणत्या बाईंवर विश्वास ठेवायचा?’ बाकीचे दोघं गालात हसले. मी म्हटलं, आत्ताच्या. त्यांनी कागदावर काही लिहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. माझ्या एका ‘नाही’नं तू एकदा बुडालास आणि आता माझ्या ‘हो’नं पुन्हा बुडणार.

आणि मग ते आले. वकिलाच्या अर्जावर येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्यांना तर वाटत होतं, आपला सत्कार आहे. अध्यक्ष त्यांचेच विद्यार्थी, खुर्ची सोडून उठले, उशी मागवली, पंखा वाढवला. मला बघून साहेबांनी हात हलवला, ‘अरे वा, आमच्या चित्रकार बाई!’ अध्यक्षांनी अगदी चाचरत विचारलं, ‘साहेब, माफ करा, औपचारिकता म्हणून विचारतो. ठाणं सोडायचा तोंडी हुकूम आपण दिला होता का?’

‘दिला होता की!’ ते म्हणाले. ‘तोंडी एक, कागदावर एक. तुला शिकवलं नव्हतं का मी?’

अध्यक्षांचे कान लाल झाले. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, लिहू का? साहेब म्हणाले, ‘लिही ना, त्यात काय! इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही मला.’ मग तुझ्यापाशी आले, तुझ्या गालावर थापटी मारली. ‘हाच का तो? शाबास. हुकूम बरोबर पाळलास.’

तुझ्या टाचा जुळल्या. मी बघितलं. तुला जुळवायच्या नव्हत्या, त्या आपोआप जुळल्या. तोंडावर पदर धरून मी बाहेर गेले आणि बेसिनपाशी ओकले.

निकाल तुझ्या बायकोनंच बाहेर येऊन सांगितला. बडतर्फी रद्द, सन्मानानं निवृत्त, तसं पत्र आजच मिळेल. ती रडत होती. माझ्या साक्षीचा त्या निकालात एक शब्द नाही, गरजच पडली नाही कोणाला. मग तू आलास. मी तुझा हात धरला. मला म्हणायचं होतं, माझं चुकलं. चौदा वर्षं म्हणायचं होतं. आणि तोंडातून काय निघालं? ‘बघितलास ना कसा आहे तो? काही वाटलं का त्याला? किळस येते रे मला त्या माणसाची!’

तू हात सोडवला नाहीस. सावकाश, समजूत घातल्यासारखं म्हणालास,

‘त्याला कोणी विचारलं नव्हतं, ताई. तुला विचारलं होतं.’

आणि पत्रावर शिक्का घ्यायला खिडकीकडे गेलास.

ताई